आधी हिशोब, मग प्रवेश

(वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी कर्ज काढण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबांसमोर कंधार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या भागांतील शेकडो घरांत एकच चर्चा सुरू होते. वैद्यकीयला प्रवेश मिळण्याइतके गुण नाहीत, दंतवैद्यक वा आयुर्वेदाचे शुल्क झेपत नाही. मग 'किमान पॅथॉलॉजीचे तरी काही करू' या वाक्यावर चर्चा थांबते. दोन दिवसांत कोणीतरी एक पत्रक घेऊन येतो. पत्रकावर पांढरा कोट घातलेली मुलगी सूक्ष्मदर्शकातून पाहत असते आणि खाली लिहिलेले असते – शंभर टक्के नोकरीची हमी, शैक्षणिक कर्जाची सोय. या दोन आश्वासनांपैकी दुसरे बहुधा खरे असते. पहिल्याविषयी मात्र तेवढ्या खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

ही निवड होते त्या वेळी कुटुंबाची गंगाजळी आधीच आटलेली असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक गेल्या काही दशकांत मराठवाड्याला अभिमानास्पद ठरला, नांदेडही त्याच वाटेने गेले. परंतु अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि वर एखादे पुनःप्रयत्नाचे वर्ष शिकवणी, खोली आणि खानावळ यांत काढल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या वा लहान दुकानदाराच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणजे प्रयोगशाळेच्या पदवीचे कर्ज रित्या हाताने काढले जाते. म्हणूनच येथे चूक झाली तर ती सावरायला घरात दुसरे काही शिल्लक नसते.

या व्यवसायाची महती कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. वैद्यांच्या निदानाचा मोठा भाग आज प्रयोगशाळेच्या अहवालावर उभा असतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी पाहिले ते सिकंदराबादेत, म्हणजे कंधार ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यात. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि गावोगावचे रक्तनमुने काचपट्टीवर घेऊन तपासणारा माणूस ही आरोग्ययंत्रणेची गरज बनली. क्षयरोगाच्या सुधारित कार्यक्रमाने १९९७ पासून थुंकीच्या तपासणीला मध्यवर्ती स्थान दिले. २०२० च्या महामारीत तर 'स्वॅब' हा शब्द शेतमजुराच्याही तोंडी आला. १९६६ साली लातूरसारख्या त्या वेळच्या लहान गावात काही तरुण डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले, त्यांच्यातील डॉ. अशोकराव कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. अशा रुग्णालयांमागे जे अनेक अनाम हात असतात, त्यांत प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ हा एक महत्त्वाचा हात. काम प्रतिष्ठेचे आहे, गरजेचे आहे. प्रश्न एवढाच आहे की ते शिकण्यासाठी किती कर्ज काढणे शहाणपणाचे?

एक काम, अनेक वाटा

पालकांचा पहिला गोंधळ येथेच होतो. प्रयोगशाळेच्या कामाकडे जाणारी वाट एक नाही. बारावी विज्ञाननंतरची दोन वर्षांची पदविका आहे. विज्ञानाची पदवी घेऊन मग एक वर्षाची 'डीएमएलटी' करण्याची जुनी वाट आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा 'बीपीएमटी' हा तीन वर्षांचा आणि त्यावर एक वर्षाच्या आंतरवासितेचा पदवी अभ्यासक्रम आहे. तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतूनही चालतो. आणि खासगी संस्था व खासगी विद्यापीठे यांच्या 'बीएमएलटी' वा 'बी.एस्सी. एमएलटी' या पदव्या आहेत. पत्रके मुख्यतः या शेवटच्या वर्गाचीच असतात, कारण शुल्कही तेथेच सर्वाधिक.

याशिवाय पाचवी वाट आहे, ती वाट नसून खड्डा आहे. कोणत्यातरी न्यासाने स्वतःच स्थापलेल्या भारदस्त नावाच्या 'परिषदे'ची प्रमाणपत्रे देणारी दुकाने लहान शहरांतही थाटलेली असतात. त्या कागदाला सरकारी भरतीत आणि नोंदणीत शून्य किंमत. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा २०११ चा अधिनियम आहे, आणि संसदेने २०२१ साली सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. वैद्यकीय प्रयोगशाळेचे काम त्या कायद्याच्या कक्षेत येते. केंद्राची आणि राज्याची नोंदवही, मान्य संस्था आणि मान्य अभ्यासक्रम ही त्याची चौकट. त्या कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण लागते. सहा महिन्यांत तंत्रज्ञ बनवून देणाऱ्यांना हा एक आकडा विचारला तरी पुरे.

पदवी आणि पदविका यांत कायदा किती अंतर मानतो, याचे एक बोलके उदाहरण रक्तपेढीचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार रक्तपेढीतील तंत्रज्ञासाठी दोन पर्याय दिलेले आहेत. पदवी असेल तर रक्ततपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, पदविका असेल तर एक वर्षाचा. म्हणजे या कामापुरते दोघांमधले कायदेशीर अंतर सहा महिन्यांचे. त्या सहा महिन्यांसाठी कोणी चार-पाच लाखांचे अधिक कर्ज काढत असेल तर त्याने क्षणभर थांबावे. अर्थात पदवीचे इतर लाभ आहेत. पुढे एम.एस्सी. करता येते, मोठ्या शहरांतील नामांकित प्रयोगशाळांत पर्यवेक्षक म्हणून चढता येते, आखाती देशांच्या परवाना परीक्षांत पदवीधराला वरचा दर्जा मिळतो. पण आखाताचे नाव घेताच आधी अनुभवाची वर्षे मागितली जातात. ती वर्षे येथल्याच पगारावर काढायची असतात आणि बँकेचा हप्ता त्या काळातही सुरूच राहतो.

आकडे मांडून पाहू

आता पाटीवर आकडे मांडू. हे आकडे कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या हातातील शुल्कपत्रक पाहून ते बदलून घ्यावेत.

समजा, बारूळच्या बाजूचा एक शेतकरी आपल्या मुलाला पुण्याच्या खासगी महाविद्यालयात पाठवतो. शुल्क वर्षाला ९०,००० रुपये, तीन वर्षांचे २,७०,०००. राहणे-जेवणे महिन्याला ९,००० रुपये. आंतरवासितेचे वर्ष धरून चार वर्षांचे ४,३२,०००. एकूण ७,०२,००० रुपये. यांतील ५,००,००० बँकेकडून, उरलेले २,०२,००० घरातून. बँक ही रक्कम एकदम देत नाही; दरवर्षी १,२५,००० रुपये देते असे धरू, व्याज दहा टक्के. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो. ही सवलत ऐकून घरात सगळ्यांना हायसे वाटते. पण हप्ता नसला तरी व्याज असते. सरळव्याजाने पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, असे करत पाचव्या वर्षाअखेर १,७५,००० रुपये व्याज साचते. म्हणजे मुलाने पहिला हप्ता भरण्याआधीच पाच लाखांचे पावणेसात लाख झालेले असतात.

हे पावणेसात लाख दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ८,९२० रुपये. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे ११,२००. हप्ता हलका व्हावा म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली तर सुमारे ७,२५० रुपये. पण मग एकूण फेड तेरा लाखांच्या वर जाते.

दुसऱ्या बाजूला मिळकत. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलाला १२,००० ते १५,००० रुपये मिळतात असे धरून चालू. पंधरा हजारांतून ८,९२० गेले की ६,०८० उरतात. एवढ्यात पुण्यात खोलीचे भाडेही निघणे कठीण. मग हप्ता कोण भरतो? गावाकडचा बाप. वर्षाचे १,०७,००० रुपये. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने विकले तरी केवळ हप्त्यासाठी वीस क्विंटल सोयाबीन लागते. बी-बियाणे, फवारणी, काढणी यांचा खर्च वेगळाच. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला तर जवळजवळ तीन एकरांचे सारे उत्पन्न बँकेच्या खिडकीत जाते, आणि तेही पाऊस नीट पडला तर. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यातील शेतांत काय उरले होते, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आता दुसरा मुलगा पाहू. तोही बारावी विज्ञान, तेवढेच गुण. तो कंधारात घरी राहून बी.एस्सी. करतो, तीन वर्षांचे शुल्क, पुस्तके मिळून ४५,००० रुपये धरू. चौथ्या वर्षी नांदेडला एक वर्षाची पदविका – शुल्क ५०,०००, राहणे-जेवणे ९६,०००. एकूण १,९१,०००. यांतील फक्त शेवटच्या वर्षासाठी एक लाखाचे कर्ज. त्यावर शिक्षणाचे एक आणि सवलतीचे एक अशा दोन वर्षांचे व्याज २०,०००. हे १,२०,००० रुपये पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २,५५० रुपये.

वर्षे दोघांचीही चारच. पहिल्याला दरमहा ८,९२० भरायचे आहेत, दुसऱ्याला २,५५०. अंतर ६,३७० रुपयांचे. दुसऱ्याचे कर्ज पाच वर्षांत संपते, पहिल्याचे आणखी पाच वर्षे चालू राहते. म्हणजे खासगी पदवीचा मार्ग नुसता तोट्यात जाऊ नये एवढ्यासाठीसुद्धा त्या पदवीने पहिल्या दिवसापासून दरमहा सहा-साडेसहा हजार अधिक मिळवून दिले पाहिजेत. नांदेड-लातूरच्या प्रयोगशाळा पदविका आणि पदवी यांच्या पगारात सुरुवातीलाच एवढा फरक करतात का? निर्णयाचा सारा भार या एका प्रश्नावर आहे, आणि त्याचे उत्तर पत्रकात सापडत नाही.

पहिल्या मुलाच्या बाजूचेही म्हटले पाहिजे. तीन वर्षे यंत्रांवर हात बसलेला पदवीधर आणि एका वर्षात घाईने शिकलेला पदविकाधारक यांच्या कौशल्यात फरक पडू शकतो. महाविद्यालयाला जोडून मोठे रुग्णालय असेल, रोज शेकडो नमुने हाताखालून जात असतील, तर त्या शिक्षणाला किंमत आहे. पण रुग्णालय नसलेल्या इमारतीत, चार सूक्ष्मदर्शक आणि एका बंद यंत्रावर मिळणाऱ्या पदवीला ती कशी असणार?

सरकारी नोकरीची आशा

पालकांच्या मनात या क्षणी एक आकडा घोळत असतो – ३५,४००. जिल्हा परिषदेतील प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदांची २०२३ च्या जाहिरातींतील वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये होती, वर महागाई भत्ता वेगळा. ही नोकरी मिळाली तर ८,९२० चा हप्ता सहज निघतो. पण नोकरी कोणत्या वर्षी मिळेल, यावर कर्जाचा हिशोब ठरतो.

मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या मोठ्या भरतीची जाहिरात निघाली. लाखो तरुणांनी अर्ज भरले, शुल्क भरले. ती परीक्षा पुढे ढकलत राहिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये आली. आरोग्य विभागाची ऑक्टोबर २०२१ ची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे गाजली आणि अखेर रद्द करावी लागली. त्या विभागाचीही नवी जाहिरात २०२३ सालीच निघाली. २०१९ च्या जाहिरातीवर भरवसा ठेवून बसलेल्या मुलाच्या खात्यावर पाच लाखांचे दहा टक्के, म्हणजे वर्षाला पन्नास हजार रुपये, व्याज चढतच राहिले असणार. व्यवस्थेतील हा ढिसाळपणा संतापजनक आहे. त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. परंतु आज कर्ज काढणाऱ्याने मात्र तो सुधारेल असे गृहीत धरून हिशोब करू नये.

मधला पर्याय कंत्राटी सेवेचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा जाहिरातींत प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे मानधन १७,००० रुपये दिसत आले आहे. घराजवळ नेमणूक झाली आणि कर्ज लहान असले तर यात संसार उभा राहतो. कर्ज मोठे असेल तर हे मानधन हप्त्यातच अर्धे संपते. शिवाय महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून 'महालॅब'ची व्यवस्था आणली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणि ग्रामीण रुग्णालयातून नमुना उचलला जातो, मोठ्या केंद्रातील यंत्रावर तपासला जातो आणि अहवाल परत येतो. रुग्णाच्या दृष्टीने ही सोयच झाली. पण पूर्वी जे काम चार गावांतील चार माणसे करीत, ते आता एका यंत्राकाठी होते. खासगी क्षेत्रातही हेच घडले. डॉ. ए. वेलुमणी या तमिळनाडूतील गरीब शेतमजूर कुटुंबातून आलेल्या संशोधकाने १९९६ साली थायरोकेअर सुरू करून देशभरचे नमुने मुंबईकडे आणून एका छताखाली तपासण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे कर्तृत्व प्रेरणादायी आहेच. परंतु त्या पद्धतीचा अर्थ असाही होतो की तालुक्याच्या गावी मुख्यतः रक्त काढून नळी पाठवणारा माणूस लागतो, आणि त्या कामाचा पगार तपासणी करणाऱ्याच्या पगाराएवढा नसतो.

स्वतःची प्रयोगशाळा

'नोकरी नाही मिळाली तर कंधारातच लॅब टाकील' – हे वाक्य बँकेच्या अधिकाऱ्यापासून मुलाच्या मामापर्यंत सगळे बोलतात. कायदा काय म्हणतो हे मात्र फार थोडे सांगतात. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर प्रतिस्वाक्षरी करण्याचा अधिकार विकृतीशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचाच आहे. तंत्रज्ञाने तपासणी करावी, पण अहवालाची जबाबदारी त्या तज्ज्ञाची. तेव्हा केवळ पदविकेच्या वा पदवीच्या बळावर स्वतःच्या सहीने अहवाल देणारी प्रयोगशाळा उभी करण्याची कल्पना कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांशी रीतसर करार करून, त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली केंद्र चालवता येईल. मग त्यांचे मानधन खर्चात धरले पाहिजे. सहीचा शिक्का भाड्याने आणणे हा मार्ग नव्हे. त्यात रुग्णाचा जीव आहे आणि मुलाचे भवितव्यही.

आणि लॅब टाकायला पुन्हा भांडवल लागते. रक्तपेशी मोजणारे यंत्र, जीवरसायन विश्लेषक, अभिकर्मके, शीतकपाट, अखंड वीज. मुद्रा योजनेतून कर्ज मिळते, पण ते दुसरे कर्ज असते आणि पहिले अजून फिटलेले नसते. शिवाय लहान गावांत रुग्ण पाठवण्याबद्दल टक्केवारी मागण्याची जी कीड लागली आहे, तिने प्रामाणिक प्रयोगशाळेचा नफा कुरतडला जातो. टक्केवारी द्यायची नाही असा निर्धार करणारा तरुण समाजाला हवाच आहे. पण डोक्यावर नऊ हजारांचा हप्ता असलेल्याला तो निर्धार पाळणे किती अवघड जाईल, याचाही विचार व्हावा.

बँकेच्या टेबलाशी

शैक्षणिक कर्जाची आजची चौकट भारतीय बँक संघाच्या २००१ च्या आदर्श योजनेतून आली. चार लाखांपर्यंत तारण नाही. २०१५ च्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारण व तिऱ्हाइताच्या जामिनाविना देता येते. त्यापुढे तारण. पालक सहकर्जदार असतात, ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. मुलगा कामावर नसेल आणि हप्ते थकले तर थकबाकी मुलाच्या आणि बापाच्या, दोघांच्याही पतनोंदीत चढते. उद्या विहिरीसाठी, ट्रॅक्टरसाठी वा धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी तोच बाप बँकेत गेला की ती नोंद त्याच्या पुढ्यात ठेवली जाते. एका मुलाच्या चुकीच्या पदवीची किंमत धाकटी बहीण मोजते, असे यातून होऊ शकते.

संस्था बँकेच्या निकषांत बसत नसेल तर परिस्थिती अधिक बिकट. मग सोने गहाण पडते, पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज येते, नाहीतर सावकार. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा अस्तित्वात असूनही गरजेच्या वेळी माणूस त्याच दाराशी जातो. येथे एक साधी खूण सांगता येईल. राष्ट्रीयीकृत बँक ज्या संस्थेच्या नावावर कर्ज द्यायला कां-कू करते, त्या संस्थेविषयी बँकेला काहीतरी ठाऊक असते. तेथे सावकाराचे पैसे घेऊन जाणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून विहिरीच्या काठाने चालणे होय.

व्याजाच्या बाबतीत एक उपाय हाताशी आहे. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत गेल्यास आदर्श योजनेत व्याजदरात एक टक्का सवलतीची तरतूद आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला सुमारे १,०४० रुपये येते, चौथ्या वर्षी सुमारे ४,१७०. ते भरत राहिल्यास पाचव्या वर्षाअखेर कर्ज पाच लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता ८,९२० ऐवजी ६,६०८ वर येतो. सवलत मिळाली तर आणखी खाली. ज्यांना पहिल्या वर्षीचे हजार-बाराशेसुद्धा जड जात असतील, त्यांनी आपण घेत असलेले कर्ज मुळातच मोठे आहे असे समजावे.

सरकारी सवलतींची नावे अनेक आहेत. त्यांतील एक अट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कसवलत दिली. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून थेट जागा घेतली की ती सवलत गेली. दलालाच्या घाईमुळे, 'जागा संपतील' या भीतीने, मुलीचे पालक आठ दिवस आधी थेट प्रवेश घेतात आणि चार वर्षांचे शुल्क स्वतःच्या खिशातून भरतात. याहून महाग पडणारे आठ दिवस दुसरे नसतील. मुलांसाठीही राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना असे आधार आहेत. ज्या अभ्यासक्रमाचे नाव महाडीबीटीच्या यादीत नाही, त्याला यांपैकी काही मिळत नाही. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी यादी पाहावी. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही निवडक गुणवत्ता-संस्थांपुरतीच आहे. पत्रकात तिचे नाव छापलेले असले म्हणून ती त्या संस्थेला लागू होतेच असे नाही.

तेव्हा क्रम कोणता ठेवावा? शासकीय महाविद्यालयातील पदवी मिळत असेल तर ती सर्वांत आधी, तेथे शुल्क कमी आणि रुग्णालय शेजारीच. ती न मिळाल्यास घरी राहून विज्ञानाची पदवी व त्यावर मान्यताप्राप्त पदविका. बारावीनंतरची मान्य पदविका ही ज्याच्या घरी तातडीने मिळकत सुरू होणे आवश्यक आहे त्याच्यासाठी. आणि खासगी पदवी अशाच वेळी, जेव्हा संस्थेचे स्वतःचे मोठे रुग्णालय आहे, शिष्यवृत्ती लागू आहे आणि एकूण कर्ज पहिल्या वर्षीच्या अपेक्षित वार्षिक पगाराहून अधिक होत नाही. पगार महिना पंधरा हजार धरला तर ही मर्यादा १,८०,००० रुपये येते. हा कायदा नव्हे, पण या मर्यादेच्या आत राहिलेल्या घराला मुलाच्या पहिल्या नोकरीसाठी शेत विकावे लागत नाही.

प्रवेशाच्या कार्यालयात गेल्यावर शुल्काची पावती फाडण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात – विद्यापीठाच्या संलग्नतेचे या वर्षीचे पत्र, चारही वर्षांचे संपूर्ण शुल्क, आणि गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोण कोठे काम करतो याची यादी. पहिल्या दोन गोष्टी बहुधा मिळतील. तिसरी मिळाली नाही तर येथून पन्नासएक किलोमीटरवर नांदेड आहे. सकाळी सात-आठच्या सुमारास डॉक्टर लेनमध्ये जावे. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी ओसरली की प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ चहाला बाहेर येतात. त्यांना विचारावे – शिक्षण कोठे झाले, पगार किती मिळतो, कर्ज किती उरले आहे. अशा चार-पाच जणांशी बोलून मगच घरी परतावे आणि रात्री मुलासह सर्वांनी बसून वहीत आपले स्वतःचे आकडे मांडावेत.